कॅमेरा उलटा करा

(मुरुड इथं युवकांच्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच लिहून काढलंय. जिथं घसरलो तिथं साफसूफ केलेली नाही.)

दोस्तांनो, बहिणींनो, आणि मागं भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनो, जय भीम.

मी भाषणबाज नाही. दहावी पास आहे. मुंबईला गोदीत माल चढवतो, उतरवतो. रात्री झोप नाही आली तर कविता लिहितो. परवाची पाळी संपवून लातूर एक्स्प्रेसच्या जनरल डब्यात संडासाजवळ पेपर अंथरून आलो. कंत्राटातल्या माणसाला रजा नसते, खाडा असतो. दोन खाडे करून आलोय, तेव्हा वायफळ बोलणार नाही.

निमित्त असं झालं. आपल्याच गल्लीतला एक पोरगा, नाव घेत नाही, तो बघा तिथं खाली मान घालून बसलाय, एका विद्यापीठात मास्तर म्हणून लागला. तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे. आमचं गोणीवर, याचं तासावर. याला सर म्हणतात, एवढाच काय तो फरक. तर या सरांना एक कोरा करकरीत विषय शिकवायला दिलाय. कागदावर नाव लिहिलंय 'दृश्य मानवशास्त्र'. म्हणजे माणसं कशी राहतात, कशी जेवतात, कशी मरतात, याचा अभ्यास कॅमेऱ्यानं करायचा. पोरांना माहितीपट काढायला शिकवायचं. अभ्यासक्रम त्यानं मला मोबाईलवर पाठवला आणि लिहिलं, तू वाच आणि शिव्या घाल.

मी जेवणाच्या सुट्टीत भाकरीच्या फडक्यावर मोबाईल ठेवून वाचला. निम्मं इंग्रजी. अडलं तिथं पोरांना विचारलं. शेवटच्या पानावर येऊन मात्र हात थांबला. तिथं लिहिलेलं, प्रत्येक विद्यार्थ्यानं एखाद्या वंचित समूहात जाऊन दहा मिनिटांचा माहितीपट करावा. गुण पन्नास.

मी फोन लावला. म्हटलं, बाबा, हे पन्नास गुण कुणाला? ज्यानं शूटिंग केलं त्याला, का ज्याचं केलं त्याला? तो हसला. मग गप्प झाला. मग म्हणाला, हेच मुरुडला येऊन बोल, माझे चार विद्यार्थी पण येतील. ते चौघं आलेत. पुढं बसलेत. लाजू नका, चहा घ्या. तुमच्यावर राग नाही. पण ऐकून जा.

आधी माझंच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजची पोरं आमच्याकडं आली. गोदीच्या आत कॅमेऱ्याला परवानगी मिळत नाही, म्हणून बाहेरच्या गोदामात आली. पोरं चांगली होती, बिडीला काडीसुद्धा पेटवून दिली. त्यांना 'श्रम' टिपायचे होते. मी पन्नास किलोची गोणी पाठीवर घेतली, फळीवरून चढलो, टाकली. कॅमेरावाला म्हणाला, भाऊ, उजेड मागून येतोय, परत एकदा. परत घेतली. म्हणाला, भाऊ, तुम्ही कॅमेऱ्याकडं बघितलं, परत एकदा. परत घेतली. मग म्हणाला, शर्ट काढाल का? घाम चांगला दिसतो.

काढला. काय करणार, पाहुणे होते.

मग मी त्यांच्यासमोर अर्धा तास बोललो. मजुरी किती, मुकादमाची कापणी किती, कंत्राट कसं बदलतं आणि आपण तिथंच कसे राहतो, मणक्याची चकती सरकली की माणूस कुठं जातो. दोन कविता पण म्हटल्या. त्यांनी मान हलवली, हात मिळवला, गेले. फिल्म दाखवायला येतो म्हणाले. आले नाहीत. आठ महिन्यांनी टोळीतल्या एका पोरानं मोबाईलवर मला दाखवली. चार मिनिटं. माझी पाठ, माझा घाम, माझी पावलं. वर बासरी. माझा एकही शब्द नाही. आणि फिल्मचं नाव, दोस्तांनो, 'मूक श्रमिक'!

अर्धा तास बोललेल्या माणसाला मुका करायला बासरी पुरते, हे मला त्या दिवशी कळलं. ३१ जानेवारी १९२० ला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला तो बोलायसाठी. शंभर वर्षांनी आम्ही बोलतोय तर आवाज बंद करून खाली मूक लिहितात.

पण ही त्या पोरांची खोड नाही. त्यांना तसं बघायला शिकवलंय. ही बघायची रीत जुनी आहे, आणि तिच्यात मुंबईचाही हात आहे, आपल्या मराठवाड्याचाही.

मुंबईत विल्यम जॉन्सन नावाचा एक इंग्रज होता. १८६३ आणि १८६६ साली त्यानं मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन ग्रंथ काढले. त्यात गंमत अशी, की माणसांचे फोटो एकीकडं काढायचे आणि मागं देखावा दुसरीकडचा चिकटवायचा. देऊळ, किनारा, बाजार, जो शोभेल तो. म्हणजे या देशात जातीचा फोटो छापायला लागले तेव्हापासूनच माणूस त्याच्या जागेवरून उचललेला. नंतर, १८५७ चं बंड मोडल्यावर, सरकारनं १८६८ ते १८७५ या काळात आठ खंड काढले. त्यांचं नाव 'द पीपल ऑफ इंडिया'. चारशेच्या वर फोटो. कुठली जात इमानी, कुठली लबाड, कुठली चोर, असले शेरे फोटोंसोबत. राज्य करायचं तर माणसं ओळखता आली पाहिजेत ना! त्यात १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. पारधी, कैकाडी जन्मतःच चोर ठरले. हजेरी लावा, ठसे द्या. १९५२ ला तो कायदा गेला. पोलीस पाटलाच्या डोळ्यांतून गेला का, हे पारध्याच्या पालावर जाऊन विचारा.

मग आला रिस्ले. १९०१ च्या जनगणनेचा मुख्य. हा माणसांची नाकं मोजायचा. नाकाची रुंदी, नाकाची लांबी, त्यांचं गणित करून जातीची उंची ठरवायची. हसू नका. यावर जाड जाड पुस्तकं आहेत. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात होतो. तर निजामाच्या मुलखातल्या जातीजमातींवर सय्यद सिराज उल हसन यांचा ग्रंथ १९२० ला निघाला. आपले पणजे-खापरपणजे त्यात जातवार लावलेत, लग्न कसं लावतात, काय खातात, मढं कसं पुरतात. ग्रंथ कामाचा आहे, फेकून देऊ नका. पण वाचताना सारखं वाटतं, हे ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यातल्या एकाला तरी हे वाचून दाखवलं असेल का?

आता इथं मी थांबतो आणि एक तारीख सांगतो. ती लिहून घ्या, विशेष करून पुढच्या चौघांनी. ९ मे १९१६. न्यूयॉर्क, कोलंबिया विद्यापीठ. डॉ. गोल्डनवायझर यांचा मानवशास्त्राचा अभ्यासवर्ग. तिथं एक पंचवीस वर्षांचा पोरगा उभा राहून निबंध वाचतो. विषय, भारतातल्या जाती: त्यांची यंत्रणा, उगम आणि वाढ. तो पोरगा म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

आपण बाबासाहेबांना घटनेच्या पुस्तकासोबत बघतो, निळ्या कोटात बघतो. ते मानवशास्त्राच्या वर्गात बसलेले होते, हे आपल्याला कुणी सांगत नाही. म्हणजे हा विषय आपल्याला परका नाही. शंभर वर्षांपूर्वी आपला माणूस या वर्गात बसून आला, आणि नुसता बसून नाही आला, वर्गाला शिकवून आला.

त्या निबंधाची सुरुवात कशानं होते ठाऊक आहे? प्रदर्शनापासून. वस्तूंची प्रदर्शनं तुम्ही सगळ्यांनी पाहिलीत, पण मानवी संस्थांचं, रीतींचं प्रदर्शन मांडता येईल ही कल्पना तुम्हाला विचित्र वाटेल, अशा अर्थाचं ते बोलले. आणि मग त्यांनी जात मांडून दाखवली. फोटो न दाखवता. तोवरचे सगळे साहेब जात कुठं शोधत होते? नाकात, पागोट्यात, कातडीच्या रंगात. हा पंचवीस वर्षांचा पोरगा म्हणाला, जात लग्नात आहे. आपापल्यातच लग्न करायचं हे कुंपण, आणि ते टिकवायला सती, सक्तीचं विधवापण, बालविवाह. जात म्हणजे दार बंद करून घेतलेला वर्ग. पुढं १९४८ ला अस्पृश्यांच्या उगमावरच्या पुस्तकात त्यांनी ते नाकाचे आकडेसुद्धा सोडले नाहीत. नाकं मोजणाऱ्यांचीच मापं घेतली आणि दाखवून दिलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत. त्यांच्याच फूटपट्टीनं त्यांचीच लाकडं मोजली.

आता याचा कॅमेऱ्याशी काय संबंध? सगळा संबंध आहे. जात जर लग्नाच्या बंद दारात असेल, तर वंचित समूहाच्या वस्तीत कॅमेरा नेऊन जात दिसणार कशी? वस्तीत तिचा मार दिसेल, वळ दिसतील. हात दिसायचा असेल तर कॅमेरा वाड्यात न्यावा लागेल. वधूवर सूचक मंडळात न्यावा लागेल. दिवाणखान्यात सोफ्यावर बसून, आम्ही जात मानत नाही हो, पण मुलीचं जरा आपल्यातलंच बघतोय, असं जे म्हणतात त्यांच्यासमोर लावावा लागेल. तिथं सांगा, काका, उजेड मागून येतोय, परत एकदा म्हणा.

अभ्यासक्रमात पहिली फिल्म लावलीय 'नानूक ऑफ द नॉर्थ', १९२२ ची. फ्लाहर्टी नावाच्या माणसानं कॅनडाच्या उत्तरेला बर्फात राहणाऱ्या इनुइट लोकांवर केलेली. पैसा फरच्या व्यापारी कंपनीचा. ही मी बघितली. बघण्यासारखी आहे, खोटं कशाला बोलू. पण त्या नानूकचं खरं नाव अल्लाकारिअल्लाक होतं. फिल्ममधली त्याची बायको त्याची बायको नव्हती. ते लोक तेव्हा बंदुकीनं शिकार करत होते, यानं त्यांना जुन्या भाल्यानं करायला लावली. बर्फाच्या घरात उजेड पुरेना, म्हणून अर्धंच घर बांधलं, एक बाजू उघडी, आणि त्या थंडीत माणसं कपडे उतरवून झोपल्यासारखी केली. आणखी एका ठिकाणी तो ग्रामोफोनची तबकडी दातानं चावून बघतो, जणू यंत्र कधी बघितलंच नाही. ही पण नाटकी. हे बघताना मला माझा काढलेला शर्ट आठवला. शंभर वर्षं झाली, साला, घाम चांगला दिसतो!

त्यानंतर मार्गारेट मीड आणि बेटसन बालीला गेले, १९३६ ते १९३९. पंचवीस हजार फोटो काढले, बावीस हजार फूट फिल्म. मोठं काम म्हणतात. असेल. त्यावर मी बोलत नाही, मला एवढं कळत नाही.

मला कळतो तो गोदीवाला. आता त्याच्याकडं येतो.

आफ्रिकेत सेनेगल देश आहे. तिथला उस्मान सेंबेन. लहानपणीच शाळा सुटलेली. दुसऱ्या महायुद्धात फ्रेंचांकडून लढला, नंतर फ्रान्सच्या मार्सेय बंदरात हमाल झाला. होय, गोदीत. माल उतरवताना पाठीचा कणा मोडून पडला. युनियनच्या वाचनालयात पुस्तकं वाचली. १९५६ ला पहिली कादंबरी लिहिली, नाव काळा गोदी कामगार अशा अर्थाचं. मग त्याच्या लक्षात आलं, आपली माणसं वाचू शकत नाहीत, पुस्तक त्यांच्यापर्यंत जाणार नाही. तेव्हा चाळिशीला टेकलेला हा माणूस मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकला आणि १९६३ ला पहिली छोटी फिल्म केली. डकारमधल्या एका गाडीवानाचा एक दिवस. वीस मिनिटांची. मी ती गोदामात टोळीला दाखवली. भाषा एकालाही कळली नाही, आणि हवालदार जेव्हा त्या गाडीवानाची गाडी जप्त करतो तेव्हा आमच्या बारा जणांच्या तोंडून एकच शिवी निघाली.

या सेंबेननं १९६५ साली पॅरिसमध्ये ज्याँ रूश नावाच्या फार मोठ्या मानवशास्त्रज्ञाला, सिनेमावाल्याला तोंडावर सांगितलं, की तुम्ही आमच्याकडं किड्यांकडं बघावं तसं बघता.

पण इथं मी रूशवर अन्याय करणार नाही. तो बाकीच्यांसारखा नव्हता. त्यानं एक फिल्म केली, १९५८ ची, 'मी एक काळा' अशा नावाची. आयव्हरी कोस्टच्या आबिजान शहरात नायजरमधून पोटासाठी आलेली पोरं, बंदरावर दिवसाच्या रोजावर राबणारी. म्हणजे आपल्या मराठवाड्यातून मुंबई-पुण्याला गेलेल्या पोरांसारखीच. आवाजाशिवाय चित्र काढलं, आणि मग त्यातल्या मुख्य माणसाला, उमारू गांदाला, ते चित्र दाखवून सांगितलं, बोल तुला काय बोलायचंय ते. गांदा बोलला. आपल्याच चित्रावर आपल्याच आवाजात. बासरी नाही! आणि पुढची गोष्ट याहून मोठी. रूशनं जे दाखवलं त्यानं गांदाचं समाधान झालं नाही. त्यानं स्वतःच कॅमेरा हातात घेतला आणि साठच्या दशकाच्या शेवटी आपली कथा आपण पडद्यावर मांडली. ज्याचं शूटिंग झालं तो दिग्दर्शक झाला. सर, तुमच्या अभ्यासक्रमात रूश आहे, गांदा नाही. सेंबेन पण नाही. ही दोन नावं आधी घाला.

आता माझा गुन्हा सांगतो. इथं माझ्या ओळखीची माणसं बसलीत, ती मला सोडणार नाहीत, म्हणून मीच सांगतो.

पहिला मोबाईल घेतला त्या साली गावाकडं आलो होतो. मरीआईच्या जत्रेत एक पोतराज नाचत होता. लांबचा नातेवाईकच. मी शूटिंग केलं. कोरडा पाठीवर कसा बसतो, कातडी कशी उठते, अगदी जवळून. खाली दोन ओळी लिहिल्या, अंधश्रद्धेचे बळी वगैरे, आणि टाकलं मोबाईलवर. मला वाटलं मी क्रांती केली. शाबासकीचा पाऊस पडला. त्या पोतराजाचा पोरगा तालुक्याला शाळेत होता, आठवीत. ते चित्र तिथं पोचलं. पोरं त्याच्या पाठीवर पट्टी मारून ढोलक्याचा आवाज काढायची. तो पंधरा दिवस शाळेत गेला नाही. मला हे कळलं तेव्हा मी त्याच्या बापाकडं गेलो. तो ओरडला नाही. तंबाखू मळत म्हणाला, "माझ्या पाठीवरचे वळ तू इकलेस का फुकट वाटलेस, तेवढं सांग."

मला आजपर्यंत उत्तर देता आलेलं नाही. म्हणजे बघा, आपला माणूस कॅमेऱ्यामागं गेला की सगळं नीट होतं, असं नाही. मी तर त्याच्या रक्ताचा होतो. मी विचारलं नाही. दाखवलं नाही. घाई केली. पोतराजकी वाईट आहे हे मी आजही म्हणतो, त्या माणसाला तोंडावर म्हणतो. पण ते म्हणायला त्याची पाठ माझ्या मालकीची होत नाही.

आनंद पटवर्धनांची 'हमारा शहर' म्हणून फिल्म आहे, १९८५ ची, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावर. त्यात झोपडी गेलेली एक बाई कॅमेरावाल्यालाच फैलावर घेते, की तुम्ही आमचे फोटो काढून नाव कमावणार, आम्हाला काय? पटवर्धनांनी ते कापलं नाही. ठेवलं. मी सरांना सांगितलंय, पहिल्या तासाला नानूक नको, ही बाई लावा. तिला उत्तर देता येईस्तोवर कॅमेऱ्याचं झाकण काढायचं नाही.

त्याच फिल्ममध्ये विलास घोगरेंचा आवाज आहे. आपला शाहीर. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून लोक रस्त्यावर आले, पोलिसांनी गोळ्या घातल्या, दहा माणसं गेली. चार दिवसांनी विलास घोगरेंनी गळफास घेतला. पटवर्धन चौदा वर्षं त्याच्या मागं लागले आणि २०११ ला 'जय भीम कॉम्रेड' पुरी झाली. चौदा वर्षं. तुमचं सत्र किती महिन्यांचं आहे, सर? पाच? त्यात दिवाळीची सुट्टी.

पण ते झालं बाहेरच्या सोबत्याचं काम. आपल्या घरातलं सांगतो.

७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांची अंत्ययात्रा. दादरच्या राजगृहापासून चौपाटीपर्यंत माणसांचा समुद्र. नामदेवराव व्हटकर नावाचे आपले लेखक, सिनेमातले माणूस. त्यांच्या मनात आलं, हे टिपलं पाहिजे. फिल्मला पैसा लागतो. तेव्हा मोबाईल नव्हता, रीळ फुटानं विकत मिळायचं. व्हटकरांनी आपला छापखाना गहाण टाकला. कॅमेरा उभा केला. ती यात्रा रिळावर उतरली त्यात त्या छापखान्याचं लोखंड आहे. विचार करा, स्वतः रडत असताना कॅमेरा धरायचा. हात हलवायचा नाही. कुणाला, परत एकदा चाला, असं सांगता येत नव्हतं. परत एकदा नव्हतंच.

कुठल्या विद्यापीठानं व्हटकरांना या विषयाचा पहिला मास्तर म्हटलंय का? आपल्या पोरानं म्हणावं.

याच्या उलट बघा. १९७८ ला, विधिमंडळानं मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि या पाच जिल्ह्यांत आपली घरं जळाली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावं लागलं. त्या जळत्या घरांचं हलतं चित्र तुमच्यापैकी कुणी बघितलंय? हात वर करा. एक पण नाही. किल्लारीचा भूकंप मात्र सगळ्यांनी बघितलाय. ३० सप्टेंबर १९९३, साऱ्या जगाचे कॅमेरे आले. यायलाच पाहिजे होते. एप्रिल २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, इंजिनाच्या धुरापर्यंत सगळं दाखवलं. ते पाणी नळाला कुठल्या गल्लीत किती वेळ आलं, हे कुणी दाखवलं? आपत्ती आकाशातून किंवा जमिनीतून आली की कॅमेरा येतो. माणसानं केली की बॅटरी संपते.

आणि कधी कधी कॅमेराच आपत्ती होऊन येतो. मागच्या म्हाताऱ्यांना गुड मॉर्निंग पथक आठवत असेल. पहाटे टॉर्च, शिट्ट्या, आणि उघड्यावर बसलेल्याचा फोटो. आजी, हसताय तुम्ही, पण तेव्हा तुम्ही दोन दिवस जेवला नव्हता. राजस्थानात प्रतापगढला जून २०१७ मध्ये असेच बायांचे फोटो काढणाऱ्या नगरपालिकेच्या माणसांना जफर खान नावाच्या कार्यकर्त्यानं अडवलं. त्याच दिवशी तो मेला. मारहाणीत मेला असं घरच्यांनी सांगितलं, अधिकाऱ्यांनी नाही म्हटलं. हे पण दृश्य मानवशास्त्रच आहे, सर. सरकारी.

मग शिकवायचं काय? मी सांगणारा कोण? पण बोलावलंय तर सांगतो.

एक महिना कॅमेऱ्याला हात लावू देऊ नका. पोरांना एकमेकांच्या घरी पाठवा, देशपांड्याचा पोरगा कांबळेच्या घरी आणि कांबळेची पोरगी देशपांड्याच्या घरी. जेवायला. कोण कुठल्या ताटात जेवलं ते लिहून आणा. मग कॅमेरा द्या, आणि पहिलं चित्र स्वतःच्या घरातलं काढायला लावा. आईचं नाही. आई सगळे काढतात. बापाचं, आजोबाचं, जमिनीच्या सातबाऱ्याचं, लग्नाच्या अल्बमचं. ज्याला दुसऱ्याच्या चुलीपर्यंत जायचंय त्यानं आधी आपल्या देवघरापर्यंत जाऊन दाखवावं.

अमेरिकेत १९६६ ला सोल वर्थ आणि जॉन अडेअर या दोघांनी नवाहो आदिवासींच्या पोरांना कॅमेरे दिले आणि म्हटलं, तुम्हीच काढा. जाण्याआधी तिथल्या एका वृद्धाला परवानगी विचारली. त्यानं विचारलं, याच्यानं मेंढ्यांचं काही वाईट होईल का? नाही म्हणाले. मग चांगलं होईल का? तसंही नाही म्हणाले. मग कशाला काढता, असं तो म्हणाला. मला हा प्रश्न फार आवडतो. आपल्या वस्तीत कॅमेरा घेऊन येणाऱ्याला आपण हाच विचारू. शेळीचं काय होईल? तरी त्या पोरांनी फिल्मा काढल्या, आणि त्यांत माणसं नुसती चालतात. चालतच राहतात. बाहेरच्यांना वाटलं, हे काय, कामाचं दाखवा ना. त्यांच्या लेखी चालणंच कामाचं होतं. आपण काढल्या तर काय निघेल? माझा अंदाज, थांबणं निघेल. रेशनला थांबणं, तहसीलला थांबणं, मुकादमाची वाट बघणं.

आपली पोरं काढायला लागलीत, हे पण सांगतो. नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'नं २०१३ ला दगड सरळ बघणाऱ्याच्या तोंडावर मारला. सोमनाथ वाघमारेंनी भीमा कोरेगाववर केली, चैत्यभूमीवर केली. सहा डिसेंबरला दादरला गर्दीनं घाण होते म्हणणाऱ्यांना त्या गर्दीतल्या माणसाचा चेहरा दिसला. हे सगळं नागर उजेडात, महागड्या स्टुडिओत जन्माला आलं नाही.

आणि त्या पन्नास गुणांचं असं करा. पंचवीस गुण ज्यांचं चित्र काढलं त्यांच्या हातात द्या. फिल्म आधी वस्तीत लावा. विहाराच्या भिंतीवर लावा. लोक म्हणाले, हे काढ, तर काढा. म्हणाले, अजिबात दाखवू नको, तर दाखवू नका, पोरगं नापास झालं तरी चालेल. विद्यापीठ ऐकणार नाही म्हणतोस? मला माहीत आहे ऐकणार नाही. तुला पुढच्या वर्षी तास पण देणार नाहीत कदाचित. मग गोदीत ये. पाठ बळकट आहे तुझी.

त्या पोतराजाचा पोरगा आज इथं आलाय. आता कॉलेजात आहे. मी त्याला विचारूनच हे सगळं बोललो. माझ्या त्या चुकीचं बोलू का म्हणून काल रात्री त्याच्या दारात जाऊन विचारलं. तो म्हणाला, बोल, पण माझं नाव घेऊ नको, आणि माझ्याकडं बोट करू नको. मी केलेलं नाही. त्यानं मोबाईलवर बारा मिनिटांचं काहीतरी केलंय. बापाबरोबर बसून केलंय, आवाज बापाचा आहे. काय आहे ते मलाही दाखवलेलं नाही. आधी तुम्हाला दाखवणार म्हणाला.

सात वाजता इथली लाईट जाते, त्याच्या आत उरकलं पाहिजे. चादर आणलीय. बांधायला दोघं जण पुढं या. आणि पुढच्या चौघांनो, तुमचे मोबाईल खिशात ठेवा, याचं शूटिंग करायचं नाही.